नाव वेगळे, स्क्रीन तीच

विहिरीवरच्या मोटारीचे बेअरिंग गेले, तर शेतकरी त्यावरचा क्रमांक सांगून दुसरे आणतो. मोटार कोणत्या कंपनीची, हे दुकानदार विचारतही नाही. मग लॅपटॉपची स्क्रीन फुटली की नवा लॅपटॉप घेण्याचा सल्ला का मिळावा? ‘या मॉडेलची स्क्रीन येत नाही,’ हे उत्तर विसरवाडीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीलाही मिळाले. तिचा सारा अभ्यास त्या यंत्रात होता.

वास्तविक स्क्रीन बनवणारे कारखाने जगात मोजकेच. त्यांची एकच स्क्रीन अनेक मॉडेलांत बसते. म्हणून झाकणावरचे नाव नव्हे, स्क्रीनमागचा क्रमांक वाचावा. आकार १५.६ इंच आहे का, जोडणी ३० पिनांची की ४०, ती कोणत्या बाजूला, स्क्रूच्या जागा कुठे, हे सारे जुळले पाहिजे. पुतणीच्या लॅपटॉपला दुसऱ्याच मॉडेलची स्क्रीन चपखल बसली.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केले. माझे मागणे त्याहून साधे आहे. हा तपशील कंपन्यांनी माहितीपुस्तिकेतच छापावा. शहरापासून दूर राहणाऱ्या घरांत नवी वस्तू सहज येत नाही. तिथे दुरुस्तीवरच मुलांचे शिक्षण चालते.