बूट घेतले, पण घासाघीस केली!

अखेर आम्ही बूट घेतले. काळे, अस्सल चामड्याचे, मापाने शिवलेले. वकिलीच्या पहिल्या वर्षापासून अशा बुटांवर आमची नजर होती. पण कधी मुलांची फी, कधी घराचे हप्ते, कधी चळवळीची वर्गणी. बूट मागेच पडत गेले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा मात्र आम्ही ठरवले, आता घ्यायचेच.

किंमत सहा हजार. घरातून पहिला सवाल आला, "एवढी उधळपट्टी कशाला?"

ही उधळपट्टी नव्हे! सवर्णांच्या गल्लीतून जाताना आमच्या आजोबांना पायताण काढून हातात घ्यावे लागत होते. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव व दागिने टाकून देण्यास सांगितले. ते स्वतः सूट-बुटात वावरले. अंगावरच्या कपड्यात आणि पायातल्या जोड्यात या देशाने माणसाची पायरी ठरवली, हे ते ओळखून होते.

तो काळ गेला म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. कोल्हापूरच्या या बेंचचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. त्याच गवईसाहेबांच्या दिशेने ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर सर्वोच्च न्यायालयात, सनातनच्या नावाने घोषणा देत, एका वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. देशाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसूनही ही गत!

पण आज आम्हाला बोट स्वतःकडे वळवायचे आहे. बूट आम्ही शहरातल्याच एका चर्मकार कारागिराकडून शिवून घेतले. त्याने सहा हजार सांगताच आमच्या तोंडून निघाले, "साडेचार घ्या." तो शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, मोठ्या दुकानात काचेआड असता तर भाव केला असता का?" आमची मान खाली गेली. आम्ही पुरते सहा हजार मोजले.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मिरवल्या. आपण सारे संतापलो आणि ते योग्यच होते. पण सुभाषनगर-जवाहरनगरच्या कारागिराशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालणारेही आपणच ना?

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची मालकी महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण याचिकाकर्ते त्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. मात्र १९९९ च्या कायद्याने प्रत्यक्ष चप्पल बनवणारा कारागीर 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःच्या नावाची नोंद करू शकतो. अशी नोंद असलेल्याला नकलेविरुद्ध दाद मागता येते. हा अर्ज त्याला भरून कोण देणार? चळवळीच्या जोरावर शिकलेल्या आम्हा वकिलांनीच ना?

समाजबांधवांनो, चांगले बूट जरूर घ्या, ताठ मानेने घाला. पण चर्मकार बांधवाच्या घामाची घासाघीस करू नका. आम्ही आमच्या कारागिराचा अर्ज विनामोबदला भरायला घेतला आहे. बुटांची खरी किंमत तेव्हाच फिटेल.

जयभीम!