रात्री चूल नाही, मग रात्रभर तापणारी वायर कशी चालते?



आमच्या घरी सूर्यास्तानंतर गॅस पेटत नाही. गाळल्याशिवाय पाणी माठात जात नाही. आणि याच घरात गेल्या पावसाळ्यात दहा-बारा दिवस रोज रात्री एक वायर तापत होती. कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

झालं असं, की इलेक्ट्रिक गाडी आली. सोबतच्या चार्जरची जाड पिन घरच्या साध्या बोर्डात बसेना. मग खिडकीतून एक्स्टेन्शन बाहेर गेलं आणि त्यावर कन्व्हर्टर चढला. "चार्ज होतंय ना, मग झालं तर," आमचे हे म्हणाले. मीही मान डोलावली. एका पहाटे सामायिकाला उठले, तर जळका वास. कन्व्हर्टर एका बाजूने वितळला होता. पडदा तिथून वीतभर अंतरावर.

त्या दिवसापासून मी एकच म्हणते आहे, आणि बरेच जण मला भित्री म्हणतात. चार्जिंगची नीट सोय झाल्याशिवाय गाडी दारात आणू नका.

"गिझर चालतो, मग हे का नाही?" असं मला विचारतात. गिझर साधारण २ किलोवॅटचा, पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे १४ अँपियरच्या आसपास, आणि तो आठ-आठ तास सलग चालतो. ६ अँपियरच्या बोर्डाने हे का सोसावं? सैल पिन, बारीक वायर, जुना जोड, यांतली उष्णता पंधरा मिनिटांत कळत नाही. ती मध्यरात्रीनंतर कळते, सगळे झोपलेले असताना.

"स्कूटरला कुठे एवढी वीज लागते?" हेही ऐकलं. खरं आहे. बहुतेक स्कूटरचे चार्जर इस्त्रीपेक्षा कमी वीज घेतात. भिंतीतला पक्का, अर्थिंग असलेला पॉइंट असेल तर माझी हरकत नाही. पण जिन्यातून लोंबणारी वायर आणि खाली पावसाचं पाणी, याला माझी हरकत आहेच.

हा फक्त माझा हट्ट नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ साली चार्जिंग स्टेशनसाठी तरतुदी आल्या. गाडीच्या केबलला एक्स्टेन्शन जोडायचं नाही. गळती ३० मिलीअँपियरच्या वर जायच्या आत वीज तोडणारं उपकरण हवं. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलीमीटर उंच हवं. नियम स्टेशनसाठी असतील, पण वीज घर आणि स्टेशन असा भेद करत नाही.

आम्ही नंतर जे केलं ते सांगते. आधी वीजबिलावरचा मंजूर भार पाहिला आणि तो वाढवून घेतला. मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर ओढली, तिला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी लावला. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घेतलं, तेव्हा कळलं की आमच्या जुन्या घरात पिनचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं! आता महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्टचं बटण मी स्वतः दाबते. खटका पडला पाहिजे. नाही पडला, तर त्या दिवशी चार्जिंग बंद.

फ्लॅटमधल्या मैत्रिणी म्हणतील, सोसायटी परवानगी देत नाही. मग सभेत उठून बोला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत बदल झाला आहे, चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. पदाधिकाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. तुम्ही रीतसर पॉइंट नाकारला म्हणून गाड्या यायच्या थांबणार नाहीत, चोरून वायरी मात्र लोंबतील.

आणि "हे पुरुषांचं काम" म्हणून गप्प बसू नका. लाखोंची गाडी घेणारं घर वायरच्या खर्चाला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतं, तेव्हा घरात झोपलेली लेकरं आपलीच असतात. मी मान डोलावली नसती, तर ते दहा-बारा दिवस आलेच नसते. ही चूक माझीही आहे.

धूर सोडत नाही म्हणून गाडी अहिंसेची, असं अभिमानाने सांगतो आपण. पण प्रमाद, म्हणजे बेफिकिरी, हे हिंसेचं मूळ आहे असं लहानपणापासून पाठशाळेत शिकलो ना? मुंगी दिसली की पाऊल आवरतो. तीच नजर एकदा बोर्डावरही टाका.

आज रात्री चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने वास घ्या, हात न लावता बोर्डाचा रंग बघा. वास आला किंवा बोर्ड काळवंडलेला दिसला, तर मेन स्विच बंद करा आणि सकाळी आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जय जिनेंद्र.