पाळक येत नाहीत तो रविवार

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, नेवासे-राहुरीच्या बाजूला फिरताना एखाद्या गावात कौलारू किंवा पत्र्याचे ख्रिस्ती देऊळ दिसते. रविवारी सकाळी घंटा होते, सतरंज्या अंथरल्या जातात आणि पंचवीस-तीस माणसे जमतात. पाळकसाहेब मात्र दर रविवारी असतीलच असे नाही. त्यांच्याकडे अनेकदा तीन-चार गावे असतात, आणि प्रत्येक गावाच्या वाट्याला महिन्यातला एखादा रविवार येतो. बाकीच्या रविवारी कुणी निवृत्त शिक्षक उपासना चालवतात, एखादी परिचारिका शास्त्रपाठ वाचते, आणि संदेशाच्या वेळी कधी छापील प्रवचन वाचले जाते, तर कधी कुणी आठवडाभराच्या अनुभवातून चार वाक्ये बोलतो.

अशा मंडळ्यांबद्दल एक सूचना अधूनमधून होत असते. त्या बंद करून तालुक्याच्या चर्चला जोडाव्यात, असे म्हटले जाते. सूचना करणारे मंडळीचे वाईट चिंतणारे नसतात. छपराची डागडुजी झेपत नाही, पाळकांच्या मानधनाचा वाटा थकतो, शब्बाथ शाळेत मुले उरत नाहीत, हे सगळे खरे आहे. तालुक्याला वाद्यवृंद आहे, दर रविवारी पाळक आहेत, मुलांना सोबतीला मुले आहेत. एक गाडी ठरवली की अर्ध्या तासात तिथे पोचता येते. एवढे असताना तीस माणसांनी वेगळे का बसावे?

आमचे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे. पाळक येत नाहीत त्या रविवारी लहान मंडळी जे करते, ते पाळकांच्या जागी चालवलेले तात्पुरते काम नव्हे. या मंडळ्या ज्या परंपरेतून आल्या, तिच्या दृष्टीने ते मूळ काम आहे.

ही परंपरा थोडी मागे जाऊन पाहावी लागेल. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, आणि 1831 मध्ये त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरला पडले. त्यांना पाठवणारे बोर्ड मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांचे होते. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःमध्ये पूर्ण आहे, ती आपला पाळक आपण बोलावते आणि आपला कारभार आपण पाहते, हा त्या पंथाचा गाभा. बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले. मिशनऱ्याने कायमचे पाळक होऊन बसू नये, देशी मंडळीने आपला माणूस पुढे करावा आणि त्याच्या पोटापाण्याचा भार उचलावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच भेटीतून मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करण्याचे जे धोरण आले ते आम्हाला चुकीचे वाटते, त्याची किंमत एका पिढीने मोजली. मंडळीच्या स्वावलंबनाबद्दल मात्र ते बरोबर होते. त्याच दशकात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले.

मराठीत एक गोष्ट आपोआप घडून गेली आहे. बायबलच्या भाषांतरकारांनी ख्रिस्ती समाजासाठी ‘मंडळी’ हा शब्द निवडला. घरी पाहुणे आले की आपण म्हणतो तीच ही मंडळी. देऊळ दगडविटांचे असते, मंडळी माणसांची. म्हणून ‘मंडळी तालुक्याला नेऊ’ हे वाक्य मराठी कानाला जड जाते. माणसे गाडीतून नेता येतील, पण ती तिथे पोचल्यावर मंडळी राहतील का, हा प्रश्न उरतो.

रविवारच्या त्या दीड तासात नेमके काय चालते, हे बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. सुरुवात भजनाने होते. पेटीवर एक जण, तबल्यावर एखादा शाळकरी मुलगा, झांज ज्याच्या हाती लागेल त्याची. मग पापांगीकाराची प्रार्थना, जुन्या आणि नव्या करारातले शास्त्रपाठ, संदेश, अर्पण, मध्यस्थीच्या प्रार्थना, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. कागदावर हा क्रम मोठ्या चर्चमधल्यासारखाच दिसतो. फरक मध्यस्थीच्या प्रार्थनेत कळतो. मोठ्या ठिकाणी ‘आजाऱ्यांसाठी’ प्रार्थना होते. इथे कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन बुधवारी आहे, कुणाच्या मुलाची भरतीची परीक्षा आहे, कुणाची गाय व्यायची आहे, हे नाव घेऊन मागितले जाते. प्रार्थना करणाऱ्याला ते आठवावे लागते, आणि आठवण्यासाठी आठवडाभर विचारपूस करावी लागते. या उपासनेची तयारी शनिवारी रात्री वहीत होत नाही. ती सोमवारपासून गल्लीत होत असते.

शास्त्रपाठ वाचणाऱ्याचेही तसेच. तीस माणसांत पाच-सहा जणांची पाळी सतत येत राहते. नीट वाचता न येणाऱ्या बाई नातीकडून उतारा तीन-चार वेळा ऐकून घेतात आणि रविवारी जवळजवळ पाठ म्हणतात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोपे मराठी करण्यात घालवली. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. साध्या बाईला स्वतः वाचता यावे, समजावे, हा त्यांचा ध्यास होता. खेड्यातल्या त्या वाचनात तो ध्यास अजून जिवंत आहे, असे आम्हाला वाटते.

भजनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण लहान मंडळीचा खरा ठेवा तोच. आरंभीच्या काळात मराठी ख्रिस्ती गीते बरीचशी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली होती. नगरचे हेन्री बॅलन्टाइन यांनी ती मोठ्या कष्टाने रचली. 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे तेच. पण त्या चाली शिकवाव्या लागत. ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या एकतारी होती त्याच्या गळ्यात त्या सहज बसत नव्हत्या. मग 1860 च्या दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले आणि कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ओव्या, पदे, आख्यान यांच्या आधाराने येशूची कथा सांगितली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगर-राहुरीच्या मुक्कामात त्यांनी अभंगाला ख्रिस्ती मंडळीत आपले घर दिले. ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. या रचना ज्या ठेक्यावर चालतात तो ठेका वारकऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या अंगात आधीपासून असतो. त्यामुळे पेटी नसली तरी अडत नाही. टाळ्यांवर भजन होते, आणि पुस्तक न उघडता होते.

शहरातल्या उपासनांत आता गिटार, ड्रम, पडद्यावर येणारे हिंदी-इंग्रजी शब्द हे सगळे आले आहे. तरुणांना ते आवडते, आणि त्यात गैर काही नाही. पण अभंग गाणारे गळे आज मुख्यतः खेड्यात आहेत. मंडळी बंद झाली तर ते गळे तालुक्याच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर गप्प बसतील. लिखित संग्रह ग्रंथालयात टिकेल, चाल टिकणार नाही. चाल एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात असते.

दुसरी गोष्ट प्रभुभोजनाची. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ते दीक्षित पाळकांच्या हातूनच होते, म्हणून पाळक येतात त्या रविवाराला महत्त्व आहे, आणि ते राहिलेच पाहिजे. आजचा तरुण भाकरीचा तो तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट सवयीने घेतो. एकोणिसाव्या शतकात तो घोट घेणे ही फार मोठी गोष्ट होती. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले, थोडेजण खिस्ती-मोडकांसारखे ब्राह्मण घरांतून. एका पेल्याला सगळ्यांनी ओठ लावणे म्हणजे जातीच्या नात्यागोत्याला मुकणे होते. मंडळीतही जात लगेच नाहीशी झाली नाही. सोयरीक ठरवताना ती आजही डोके वर काढते, हे मान्य केले पाहिजे. तरीही गावाच्या एका टोकाला, पाण्याच्या भांड्यावरून माणसे मारली जात होती त्या काळात, एक जागा अशी होती की जिथे एकाच भांड्यातून पिणे हाच विधी होता. ती जागा तालुक्याला नव्हती, गावात होती, आणि गावाला दिसत होती. म्हणून ती गावातच असण्याला अर्थ आहे.

उपासना संपली तरी रविवार संपत नाही. दोघांनी मिळून अर्पण मोजायचे आणि वहीत लिहून सही करायची. एकट्याने मोजायचे नाही, ही जुनी शिस्त. पिके हाती आली की उपकाराच्या उपासनेत बाजरी, ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे येते आणि नंतर बाहेर लिलाव होतो. चार भोपळे बाजारभावाच्या तिप्पट किमतीला जातात, त्यातून वर्षाचे विजेचे बिल निघते. नाताळच्या आधीच्या रात्रींत भजनाची फेरी घरोघर फिरते, ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांच्या दारातही थांबते, चहा होतो. आणि कुणी वारले की कबर खणायला ठेकेदार बोलावला जात नाही. मंडळीतले तरुण पहाटे कुदळी घेऊन जातात. पाळक यायला उशीर झाला, तर मातीची प्रार्थना वडीलधारा माणूस म्हणतो.

मग मंडळी लहान का झाली? श्रद्धा आटली, असे सरसकट म्हणणे आम्हाला पटत नाही. ज्या मंडळीने मुलांना शाळेत घातले, तिचीच मुले शिक्षक झाली, मुली परिचारिका झाल्या, आणि नोकरीबरोबर ती सगळी पुणे, मुंबई, नाशिक, पुढे आखातापर्यंत गेली. नगर-वडाळ्याच्या मिशन शाळा आणि दवाखाने नसते, तर ही कुटुंबे शेतमजुरीवर गावातच राहिली असती आणि देऊळ भरलेले दिसले असते. रिकाम्या सतरंजीमागे अशी एक कमाईही आहे. ती विसरून केवळ डोकी मोजणे अन्यायाचे होईल.

दोष झाकण्याचे कारण नाही. लहान मंडळी म्हणजे एखाद्या घराची जहागीर होण्याची भीती मोठी. तीच माणसे कमिटीवर, तीच खजिनदार, तीच पेटीवर. वार्षिक सभेत निवडणुकीवरून झालेले भांडण दोन घरांत पिढीभर पुरते. जमिनीच्या जुन्या कागदपत्रांवरून कोर्टकचेऱ्या चालतात आणि अर्पणाचा पैसा वकिलाकडे जातो. सून म्हणून आलेल्या मुलीला दहा वर्षे एकही काम मिळत नाही. जवळीक जितकी ऊब देते तितकीच घुसमटवतेही, आणि त्यामुळे काही तरुण शहरातल्या अनोळखी गर्दीत मोकळा श्वास घेतात. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. कमिटीवर एकाच माणसाने सलग किती वर्षे राहावे, याला मर्यादा घालावी आणि ती पाळावी. जमाखर्चाचा कागद दर तिमाहीला दारावर लावावा. उपासना चालवणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवसांचे शिक्षण तालुक्याला व्हावे: उतारा कसा वाचावा, संदेशाची तयारी कशी करावी, शोकात असलेल्या घरी काय बोलावे आणि काय बोलू नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. मग गावच्या उपासनेचे पुढारपण बायांकडे द्यायला संकोच कशाला? बायबलबायांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावांतून पायी हिंडून दारोदार शिकवले होते. तालुक्याच्या मोठ्या चर्चनेही गाडी पाठवून माणसे गोळा करण्यापेक्षा महिन्यातून एकदा आपले गायक-वादक खेड्यात पाठवावेत, आणि त्यांनी तिथे शिकवण्याआधी शिकावे. एका भ्रमणध्वनीवर जुन्या चाली नोंदवून ठेवणे तर उद्याही सुरू करता येईल.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चच्या मिलनातून उभे राहिले, तेव्हा बिशपांच्या परंपरेबरोबर काँग्रिगेशनल मंडळ्यांची स्वायत्तता हाही त्याचा एक घटक मानला गेला. तो घटक नियमपुस्तकात आहे. तो दिसतो मात्र पाळक नसलेल्या रविवारी. त्याच्या कितीतरी आधी टिळक 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात येशूभोवती बसणार होते. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. पण पगारी माणसाशिवाय भक्ती उभी राहू शकते, हा त्यांचा विश्वास या लहान देवळांत दर रविवारी कुणीतरी खरा करत असते.

दोघातिघांचे जमणेही येशूने पुरेसे मानले होते. त्यामानाने तीस माणसे पुष्कळ झाली. या रविवारी राहुरीच्या वाटेवर असाल, तर घंटा ऐकून आत जा. सतरंजीवर जागा मिळेल, शेजारचा माणूस पुस्तकातले पान काढून देईल, आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेआधी कुणीतरी हळूच विचारेल, तुमचे नाव काय आणि तुमच्यासाठी काय मागायचे.