वॉटांचा हव्यास

घरी गाणे ऐकण्यासाठी नवे यंत्र घ्यावयाचे ठरले, की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॉट?’ हा. आकडा जितका मोठा तितके यंत्र श्रेष्ठ, ही समजूत आता घरोघरी रूढ झाली आहे. ती शास्त्राला धरून नाही आणि संसारी माणसाच्या खिशालाही मानवणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. स्पीकरला एक वॉट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, यावरून त्याची संवेदनक्षमता ठरते. घरगुती स्पीकरांत हा आकडा बहुधा ८५ ते ९० असतो. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलांचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे एका वॉटाचे सामर्थ्य कळून येईल. बैठकीच्या खोलीत तीन मीटर दूर बसून ७० डेसिबलांच्या आवाजात गाणे ऐकावयाचे, तर ८७ डेसिबलांच्या जोडीस प्रत्येकी सुमारे दशांश वॉट पुरतो!

मग अधिक शक्ती हवीच कशाला? येथे प्रतिपक्षाचेही म्हणणे न्याय्य आहे. गाणे एकाच पातळीवर चालत नाही. आलापी संथ चालली असता तबल्यावर खणखणीत थाप पडते, चतुर्थीच्या आरतीत घुमट कडाडते. त्या क्षणी आवाज सरासरीहून २० डेसिबलांपर्यंत चढू शकतो. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. एवढी शिल्लक ॲम्प्लिफायरपाशी नसेल, तर थापेचा माथा छाटला जातो व स्वर फाटतो. परंतु हिशेब करा : दशांश वॉटाच्या शंभरपट म्हणजे अवघे १० वॉट. सावधगिरी म्हणून २०-३० वॉट घेतले, की सामान्य घराची गरज भागली.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना लॉगॅरिदमचा येथे प्रत्यय येईल. शक्ती दुप्पट केली, तर आवाज केवळ ३ डेसिबलांनी वाढतो. कानाला तो दुप्पट भासावयाचा, तर सुमारे दहापट शक्ती लागते. तेव्हा ५० ऐवजी १०० वॉट घेणाऱ्याने दाम पुष्कळ मोजले, पदरात पडले ते थोडके. उलट खुर्ची पुढे ओढणे फुकट असते आणि त्यानेही आवाज वाढतो.

खरा भेद स्पीकरात आहे. १९४६ च्या सुमारास अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा मोठा कर्णा बाजारात आणला. त्याची संवेदनक्षमता शंभराहून अधिक. १९७० नंतरच्या दशकात बीबीसीने तयार केलेला चिमुकला एलएस ३/५ए मात्र सुमारे ८३ डेसिबलांचा. दुसऱ्यास पहिल्याच्या पन्नासपटीहून अधिक शक्ती हवी. तरीही स्वराच्या सच्चेपणासाठी जाणत्यांनी त्याची वाखाणणी केली. म्हणून आधी स्पीकर निवडावा, मग त्याला साजेसा ॲम्प्लिफायर. दिवाणखाना प्रशस्त आणि स्पीकर मंद असेल, तर ६०-१०० वॉटही योग्यच. मात्र खोक्यावरील ‘पीएमपीओ’च्या हजारो वॉटांस भुलू नये, त्या आकड्याला सर्वमान्य मापच नाही. ‘आरएमएस’पुढील आकडा तेवढा वाचावा.

आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे निर्धोक. ९० डेसिबलांचा मात्र चारच तास. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. शेजारच्या घरी कोणी आजारी असते, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असते. शंभर वॉट घरात आले, की ते वापरून पाहण्याचा मोह होतो आणि गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र पारखावयाचे असेल, तर दुकानदारास आवाज वाढवावयास सांगू नका. कमी करावयास सांगा. हळू आवाजातही तानपुऱ्याच्या तारा निरनिराळ्या ऐकू आल्या, तर ते यंत्र खुशाल घरी आणा.