मंगळावरची पाकिटे

एखादा जुना संगणक आणि दोन नेटवर्क कार्डे एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी राउटर तयार करता येतो. संगणकावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालावयाची. मग एका कार्डाची केबल मोडेमला आणि दुसऱ्याची घरातील स्विचला जोडावयाची. पहिले कार्ड म्हणजे घराचे पुढचे दार, दुसरे म्हणजे परसदार. माहितीची पाकिटे या दारातून त्या दारात पोहोचविणे हे राउटरचे काम.

असा राउटर चालू केल्यावर त्याच्या नोंदवहीत कधी कधी एक चमत्कारिक सूचना वारंवार दिसू लागते : ‘मार्शन सोर्स’, म्हणजे मंगळावरून आलेले पाकीट! पुष्कळ जण ही सूचना बंद कशी करावी एवढेच विचारतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विद्युत्‌मंडलात अ‍ॅमीटरचा काटा उलटा फिरला, तर आपण अ‍ॅमीटर काढून ठेवीत नाही, जोडणी तपासतो.

मंगळाचा येथे काय संबंध? प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो. राउटर स्वतःला विचारतो, ‘या पत्त्यावर उत्तर धाडावयाचे झाले, तर ते कोणत्या दाराने जाईल?’ ते दार आणि पाकीट आले ते दार एकच नसेल, तर काहीतरी गफलत आहे. जो पत्ता तेथून येणे शक्यच नाही, तो ‘मंगळावरचा’. असे पाकीट राउटर टाकून देतो आणि नोंद करतो.

आता शोध कसा घ्यावा ते पाहू. सूचनेत दोन पत्ते असतात. ‘सोर्स’ या शब्दापुढचा पत्ता पाठविणाऱ्याचा असावा असे वाटते. पण तो असतो पाकीट जावयाच्या ठिकाणाचा! पाठविणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’ या शब्दानंतर येतो. शेवटी पाकीट ज्यावर आले त्या कार्डाचे नाव असते. खालच्या ओळीतील अंकजोड्यांपैकी पहिल्या सहा घेणाऱ्या कार्डाच्या, तर पुढच्या सहा पाठविणाऱ्या कार्डाच्या असतात. घरातील यंत्रांवरचे क्रमांक त्यांच्याशी ताडून पाहिले की गुन्हेगार बहुधा सापडतो.

कारणे बहुतेक वेळा साधी असतात. दोन्ही कार्डांच्या केबली एकाच स्विचमध्ये खोचलेल्या असतात. मग घरातले पाकीट पुढच्या दारीही येऊन उभे राहते. किंवा मोडेमही १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो आणि आपणही घरात तेच वाटलेले असतात. दोन गल्ल्यांना एकच नाव दिले तर पोस्टमनने काय करावे? घरातील पत्ते १९२.१६८.५० ने सुरू होणारे केले की तंटा मिटतो. घरात इंटरनेटच्या दोन जोडण्या असतील, तर मात्र उत्तर दुसऱ्या वाटेने येणे रास्त असते. तेथे तपासणी सैल करावी. काढून टाकू नये.

कोणी म्हणेल, ‘नोंदवही भरून जाते, त्याचे काय?’ तक्रार खरी आहे. पण कारण दूर केले की नोंदी आपोआप थांबतात. नुसती नोंद बंद केली, तर पाकिटे टाकली जातच राहतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तपासणीच बंद केली, तर त्याहून वाईट. खोटा पत्ता घातलेली पाकिटे हे मोठे शस्त्र आहे. दुसऱ्याच्या नावाने लहानसा प्रश्न विचारावयाचा, म्हणजे भलेमोठे उत्तर त्या बिचाऱ्यावर जाऊन आदळते. २०१३ साली स्पॅमहाउस या संस्थेवर असाच हल्ला झाला होता. राउटरसंबंधी १९९५ च्या नियमपत्रात म्हटले आहे, की ही तपासणी करण्याची सोय राउटरमध्ये असावी. मात्र मुळात ती बंद ठेवलेली असली पाहिजे, असेही तेथे म्हटले आहे; म्हणजे ती चालू करणे आपल्या हाती असते.

बाजारातील तयार राउटरच्या नोंदी सहसा कोणी उघडून पाहत नाही. घरी बांधलेला राउटर आपल्या अडचणी आपल्याला सांगतो. मोठ्यांच्या परवानगीने तो अवश्य बांधा. आणि सूचना आली, की ती पुसण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्या, दोन दारांची आकृती काढा आणि पाकीट कोणत्या वाटेने आले असेल याचा तर्क करा. मग एक केबल काढून तो तर्क खरा की खोटा ते पाहा. प्रयोग म्हणतात तो हाच.