कोळसा केव्हा बदलला, ते सांगा

कारखान्यावर शुद्धीकरणयंत्र बसले की प्रदूषण संपले, असे आपले राज्यकर्ते गृहीत धरतात. हा भाबडेपणा नव्हे. ही सोय आहे.

रासायनिक कारखान्यांतील द्रावकांच्या वाफा अडविण्यासाठी क्रियाशील कोळसा वापरतात. नारळाच्या करवंटीपासूनही तो बनतो. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतो आणि वाफेचे रेणू त्यास चिकटून राहतात. शास्त्रज्ञ यास अधिशोषण म्हणतात. (नुसते शोषण आम्हांस अधिक परिचयाचे आहे.) परंतु हा पृष्ठभाग भरला की कोळसा निकामी होतो. मग पाण्याची गरम वाफ सोडून तो पुन्हा मोकळा करावा लागतो, नाहीतर बदलून घातक कचरा म्हणून त्याची विल्हेवाट लावावी लागते. दोन्हींस पैसा पडतो. तो वाचविला तर विषारी वाफा सरळ बाहेर जातात, आणि निकामी कोळशाची टाकी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. यंत्रे तेथे नव्हती काय?

मालकवर्ग आपण होऊन खर्च करील, ही आशा शेजारच्या डहाणूने केव्हाच खोटी ठरविली आहे. १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. तरी १९९५ मध्ये ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र धूर ओकू लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये धुरातील गंधक काढण्याचा आदेश दिला. तेथे कोळशाऐवजी समुद्राच्या पाण्याने धूर धुतात. तंत्र ठाऊक होते, समुद्र दारात होता. यंत्रणा चालू झाली २००७ मध्ये. तोवर आगरपासून घोलवडपर्यंतच्या चिकूवाडीवाल्याने आणि तेथे राबणाऱ्या वारल्याने काय हुंगावे, हे कंपनीच्या ताळेबंदाने ठरविले. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना याच यंत्रणेच्या सक्तीतून मोकळे केले!

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोळसा किती भरला, केव्हा बदलला, टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेत काय आढळले, हे प्रत्येक कारखान्याने फाटकावरील फलकावर मराठीत लिहावे. ती नोंद तपासण्याचा अधिकार कामगारांना व ग्रामसभेला असावा. व्यापारी गुपिताची सबब पुढे येईलच. द्रावकाचे मिश्रण गुपित असेल. कोळसा बदलल्याची तारीख कोणापासून लपवायची आहे?