बिअरसाठी पासपोर्ट
इंग्लंडात दारू विकत घ्यायचं वय 18. पण गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं दिसलं की बहुतेक दुकानं ओळखपत्र मागतात. लीड्सला शिकायला गेलेला नाशिकचा मुलगा तेवीस वर्षांचा, दाढीही राखलेली, तरी भारतीय लायसन्स पुढे केलं की काउंटरवरची मान नकारार्थी हलते. (महाराष्ट्रात त्याला पंचविशीपर्यंत व्हिस्की कायद्यानं मिळायचीच नाही, ते सोडा.) गंमत म्हणजे तिथला कायदा परदेशी कार्डाला नाही म्हणतच नाही. फोटो, जन्मतारीख आणि होलोग्राम किंवा अतिनील प्रकाशात दिसणारी खूण, एवढंच तो मागतो. नकार असतो दुकानाच्या धोरणाचा. मला कॅशियरचा राग येत नाही. अल्पवयीनाला बाटली विकली तर दंड त्याच्याही खिशातून जाऊ शकतो, आणि जगभरची कार्डं त्यानं ओळखावीत तरी किती? राग येतो सरकारचा. परदेशी विद्यार्थ्यांचं बायोमेट्रिक निवास कार्ड 2024 अखेर बंद करून सगळं ऑनलाइन ई-व्हिसावर नेलं; दाखवायला हातात होतं तेही गेलं. आता गाडी शिकायची नसली तरी तिथलं शिकाऊ लायसन्स काढा, नाहीतर दोन बिअरसाठी पासपोर्ट खिशात घेऊन हिंडा.